म्हाताऱ्या पाइनची पहिली फांदी

सकाळी साडेसातला बागेचं फाटक उघडायचं, झारीनं अडतीस कुंड्यांना पाणी घालायचं आणि आठच्या बोटीचा भोंगा ऐकत चहा प्यायचा. फेब्रुवारीत मी या गावात नोकरीला लागले तेव्हापासून माझा दिवस असा सुरू होई. बाग अगदी बंदरावर आहे. एका अंगाला बोटीच्या तिकिटांची खिडकी, दुसऱ्या अंगाला उदोनचं, म्हणजे रश्शातल्या जाड शेवयांचं दुकान, आणि मधे दगडी भिंतीच्या आत लाकडी फळ्यांवर मांडलेली बोन्साय झाडं. गावच्या एका जहाजमालकानं मरताना ती गावाला देऊन टाकली. त्याला साठ वर्षं झाली. तेव्हापासून ती सगळ्यांची, म्हणजे कोणाचीच नाहीत.

त्यातलं सर्वांत मोठं झाड म्हणजे काळा पाइन. वय दोनशेच्या पुढे, उंची माझ्या कमरेइतकी, नाव ओकिना, म्हणजे म्हातारबाबा. गावात सगळे त्याला नुसतं म्हातारा म्हणत. ऑक्टोबरमध्ये बोन्साय संघाचे परीक्षक त्याला बघायला येणार होते. म्हातारा राष्ट्रीय प्रदर्शनात मांडण्याजोगा ठरला, तर बागेला दहा वर्षांची मुदतवाढ. नाही ठरला, तर सगळी झाडं शहरातल्या मोठ्या संग्रहात, आणि आमच्या बागेच्या जागी बोटीच्या प्रवाशांच्या गाड्या.

माझंही काही पणाला लागलं होतं, ते लपवत नाही. चौपन्न वर्षांची झाले. त्यातली तीस वर्षं मोरिशिगे गुरुजींच्या रोपवाटिकेत गेली. झाड मी घडवायचं आणि पाटीवर नाव गुरुजींचं. बाईमाणसाच्या हातचं झाड म्हटलं की गिऱ्हाईक नाक मुरडतं, असं ते मला प्रेमानं समजावून सांगत. या गावानं मात्र करारात लिहून दिलं होतं, की म्हाताऱ्याच्या पाटीवर माझं नाव असेल. त्या एका ओळीसाठी मी घर सोडून इथे आले.

आणि म्हाताऱ्याची अवस्था बघून कपाळाला हात लावला. आधीचे माळी तादोकोरोसान तीन वर्षांपूर्वी अर्धांगानं आडवे झाले, त्यानंतर त्याला नुसतं पाणी घातलं जात होतं. कुंडी मुळांनी गच्च भरलेली, वर घातलेलं पाणी वरच तुंबून राही. आणि पहिली फांदी! झाडाचा सगळा तोल ज्या खालच्या फांदीवर ठरतो ती डाव्या हाताची फांदी वर उचललेली. वर्गात हात वर करून बसलेल्या पोरासारखं ते झाड दिसे. ती चार बोटं खाली यायला हवी होती. हे कोणालाही दिसलं असतं. तादोकोरोसाननी एकतीस वर्षं ती बघितली आणि तशीच ठेवली, याचा मला राग आला.

“एका वर्षात एकच काम होईल,” मी हिराओकासानना सांगितलं. हिराओकासान म्हणजे गावाच्या उद्यान खात्याचे कारकून. “म्हातारं झाड आहे. यंदा कुंडी बदलू. फांद्यांना पुढच्या वर्षी हात लावू.”

“पुढच्या वर्षी बाग नसेल, तोशिएसान.”

“मग मला मागच्या वर्षीच बोलवायचं होतं.”

“मागच्या वर्षी मंजुरी नव्हती.”

दोन्ही कामं करायची ठरली. चूक होती, मला माहीत होतं, तरी केली.

फेब्रुवारीच्या शेवटी तार लावायला घेतली. बारीक फांद्यांना तीन आठवडे लागले. पहिली फांदी मुद्दाम शेवटी ठेवली, कारण ती मनगटाएवढी जाड होती. आधी तिला ओला वाख घट्ट गुंडाळला, त्यावर भट्टीत मऊ केलेली जाड तांब्याची तार चढवली आणि मग इंचाइंचानं खाली वाकवली. फांदी धरायला कुबोसान होते. ते निवृत्त पोस्टमन, वय एकाहत्तर, बागेत फुकट काम करायला येत आणि दिवसभर बोलत.

“हळू हो बाई. फांदी मोडायच्या आधी माझा खांदा निखळेल.”

“तोंड बंद ठेवा. करकर ऐकू यायला हवी.”

“झाडाची की माझी?”

बारा वाजता फांदी बरोबर जागेवर आली. मी चार पावलं मागे जाऊन पाहिलं. झाड एकदम दुसरंच वाटत होतं. फाटकाला कुलूप लावून आम्ही शेजारी उदोन खायला गेलो. पन्नास मिनिटांनी परत आलो तेव्हा पहिली फांदी उघडी होती, आणि पूर्वीइतकीच वर.

वाख सोडून त्याची गुंडाळी करून ठेवलेली. तार फळीवर, गोल वेटोळं करून गवताच्या काडीनं बांधलेली.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. “दुसरी किल्ली कोणाकडे असते?” मी ओरडले.

“ऑफिसात,” कुबोसान म्हणाले. “आणि ऑफिस आत्ता जेवतंय. आपल्या मागच्याच बाकावर हिराओकासान रस्सा ओरपत होते, ऐकलं नाहीत?”

मी तार हातात घेतली आणि माझा राग जरा वेगळ्या वाटेला लागला. आमच्या धंद्यात लावलेली तार कोणी सोडवत नाही. कापून तुकडे करून काढतात, कारण उलगडायला गेलं की पाइनच्या पानांच्या सुया झडतात, साल सोलते. युद्धानंतर तांबं मिळेनासं झालं तेव्हा तेवढी जुनी माणसं तार उलगडून, सरळ करून, गवताच्या जाळावर पुन्हा मऊ करून वापरत. ते मी फक्त ऐकलं होतं. एकदा फांदीवर चढलेली तार ताठ होते, हातानं वळत नाही. ही वळत होती. तिच्यावर जाळातून काढल्यावर येतो तसा जांभळट रंग होता. जाड तार अशी उलगडायला मला अर्धा दिवस लागला असता. आणि खाली मातीवर एकही सुई पडलेली नव्हती.

“कोणीतरी जुना माणूस आहे,” मी म्हणाले.

“या गावात सगळेच जुने आहेत,” कुबोसान म्हणाले.

मी पुन्हा तार लावली. दुसऱ्या दिवशी, दुपारच्या जेवणात, तेच. तिसऱ्यांदा लावली, तेच. बाकीच्या शंभरेक फांद्यांना कोणी हात लावला नाही, फक्त पहिलीला. रात्री कधी काही होत नसे. जे कोणी होतं ते कामाच्या वेळेतच येई, आम्ही जेवायला गेलो की. मी फाटकावरच्या कॅमेऱ्याचं चित्रण बघितलं. बारा वाजता दोघं बाहेर गेलो, बारा पन्नासला दोघं आत आलो, मधे एक मांजर.

“झाडावरच कॅमेरा लावून द्या,” मी हिराओकासानना म्हटलं.

“अर्ज करा. तीन प्रतींत.”

“किती दिवस लागतील?”

“तातडीचा म्हणून लिहिलंत तर नोव्हेंबरपर्यंत होऊन जाईल.”

मार्चच्या शेवटी कुंडी बदलायची वेळ आली. नवे कोंब फुटायच्या आत ते व्हायला हवं, थांबता येत नाही. फांदीचा नाद तेवढ्यापुरता सोडून मी आणि कुबोसाननी म्हाताऱ्याला कुंडीतून उचललं. आकड्यानं मुळं विंचरली, तिसरा हिस्सा कापला, मुळांना पोसणारी पांढरी बुरशी धरलेली जुनी माती थोडी राखली. नव्या दाणेदार मातीत खायच्या काड्यांनी टोचून टोचून मुळांमधल्या पोकळ्या बुजवल्या. झाड कुंडीच्या भोकांतून आणलेल्या तारांनी पक्कं बांधलं. हलता कामा नये, हललं की नवी मुळं तुटतात. त्या तारांना कोणीही हात लावला नाही. काम इतकं सुरळीत झालं की मला संशय आला.

एप्रिलच्या पहिल्या सोमवारी, बाग बंद असते त्या दिवशी, मी तादोकोरोसानना भेटायला गेले. टेकडीवर संत्र्यांच्या बागांमधे वृद्धाश्रम आहे. ते खिडकीशी चाकांच्या खुर्चीत बसले होते. उजवा हात मांडीवर निपचित, बोलणं सावकाश, पण डोकं शाबूत. मी सगळं सांगितलं. मधे एकदाही ते चकित झाले नाहीत, याचाच मला जास्त राग आला.

“पहिली फांदी,” ते म्हणाले.

“हो. फक्त तीच.”

“माझ्या वेळीपण. पहिली तीन वर्षं. मग मी तिला तार लावायची सोडली.”

“आणि कोणाला बोललाही नाहीत? एकतीस वर्षं?”

“कोणाला सांगू? बायको म्हणाली असती, दारू कमी करा.”

“पण कोण करतं हे?”

“मी शोधायला गेलो नाही, तोशिएसान. मला एवढंच वाटायचं, की त्या फांदीवर कोणाचं तरी काम अर्धवट राहिलंय. दुसऱ्याचं काम अर्धवट असताना आपण त्यात हात घालत नाही. शिकवलं नाही का तुम्हाला?”

शिकवलं होतं. ज्यानं फांदीला हात घातला त्यानंच ती संपवायची, मधे दुसऱ्यानं नाक खुपसायचं नाही, हा आमच्याकडचा पहिला धडा. तीस वर्षं मी तो पाळला आणि माझी सगळी झाडं दुसऱ्याच्या नावावर गेली. मी त्यांना खाली वाकून नमस्कार केला आणि ताडताड टेकडी उतरले.

दुसऱ्या दिवसापासून मी जेवायला जाणंच बंद केलं. फांदीला पुन्हा वाख गुंडाळला, तार लावली, खाली वाकवली आणि स्टूल टाकून शेजारी बसले. बारा ते एक, समोर भाताचे गोळे, डावा हात फांदीवर. डोळ्यात तेल घालून राखण केली. तार जागेवर राहिली. दुसऱ्या दिवशीही राहिली, आठवडाभर राहिली. मी जिंकले होते. फक्त रोज बाराच्या सुमाराला गवत जळल्याचा वास येई. आणि कोणीतरी आपल्या उठण्याची वाट बघतंय, घाई न करता, हत्यारं बाजूला ठेवून, असं वाटत राही. मी उठत नसे.

मे उजाडला आणि म्हाताऱ्याचे कोंब थांबले.

इतर पाइनचे कोंब मेणबत्त्यांसारखे वर चढत होते. म्हाताऱ्याचे नखाएवढे होऊन तिथेच राहिले. सुयांवरची चकाकी गेली. कुंडीतली माती तीन तीन दिवस ओली राहू लागली, म्हणजे मुळं पाणी पीत नव्हती. यात गूढ काही नव्हतं. एका वर्षात दोन घाव घातले की म्हातारं झाड असंच करतं. हे मला फेब्रुवारीतच माहीत होतं. मी त्याला सावलीत हलवलं, पाणी कमी केलं, फवारे मारले. सुया पिवळ्या पडायला लागल्या.

करण्यासारखं एकच उरलं होतं, फांदीवरचा ताण काढणं.

मी आणखी पाच दिवस तशीच बसून राहिले. खोटं कशाला बोलू? माझ्या नावाची पाटी माझ्या डोळ्यांसमोर होती. त्या फांदीशिवाय प्रदर्शन नाही, आणि त्या फांदीसकट बहुतेक झाडच नाही.

सहाव्या दिवशी कुबोसान स्टुलाशेजारी उकिडवे बसले. त्या दिवशी ते मस्करी करत नव्हते.

“बाई, मी तीस वर्षं पत्रं वाटली. एकही स्वतःसाठी उघडलं नाही. जळफळाट मलाही व्हायचा कधीकधी.”

“मला उपदेश नकोय.”

“उपदेश नाही. झाड मरतंय, एवढंच सांगतोय.”

मी कातर उचलली, तारेला लावली आणि हात पुढे चालेना. ठेवून दिली. मग तार हातानं उलगडायला घेतली, एकेक वेढा, सुयांना धक्का न लावता. संध्याकाळ झाली. शेवटचा वेढा सुटला तशी फांदी हळूहळू वर गेली आणि मला रडू कोसळलं. दुःखानं नाही, संतापानं. त्या तारेचं वेटोळं मी भिंतीवर फेकून मारलं.

दहा दिवसांत कोंब हलले. जूनच्या मध्यावर सुया उलगडल्या, जुलैत झाड हिरवंगार झालं. मला आनंद व्हायला हवा होता, थोडा झालाही. मी बारा वाजता पुन्हा उदोन खायला जाऊ लागले. पाटीवरचं नाव मनातून पुसून टाकलं. परीक्षक येतील, हात वर केलेलं झाड बघतील, आणि सगळं संपेल.

ऑगस्टच्या सुरुवातीला पाणी घालताना मला वाटलं, फांदी थोडी खाली आलीय.

नव्या सुयांचं वजन असेल. मी घडीची पट्टी काढून मोजलं. टोकापासून कुंडीच्या काठापर्यंत चोवीस सेंटिमीटर. पुढच्या आठवड्यात साडेबावीस. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात वीस. मनगटाएवढी जाड फांदी वजनानं अशी झुकत नाही, आणि झुकलीच तर टोकाशी झुकते. ही बुंध्यापासून उतरत होती, मधे जरा मागे वळून मग पुढे येत होती. ते वळण मला सुचलं नव्हतं. मी फक्त खाली ओढत होते. ते वळण पाहिल्यावर कळलं, की माझी फांदी चूक होती. तिला चार बोटं खाली आणणं पुरेसं नव्हतं.

फांदीला मी हात लावला नव्हता. कुबोसाननी लावला नव्हता. मी विचारलंसुद्धा.

“मला साधी बुटाची नाडी धड बांधता येत नाही,” ते म्हणाले. मग फांदीकडे बघत दोन पावलं मागे सरकले.

सप्टेंबरच्या शेवटी सालीवर खुणा उमटल्या. बुंध्याजवळून सुरू झालेल्या, फांदीभोवती तिरक्या फिरत गेलेल्या, सारख्या अंतरावर. तार काढायला उशीर झाला की साल फुगते आणि तार तिच्यात रुतते, तशा. माझे वेढे बोटभर अंतरावर असत. हे त्याहून दाट होते. आणि माझ्या तारेखाली वाख होता, तिची खूण उमटणं शक्यच नव्हतं.

रोज सकाळी त्या किंचित खोल झालेल्या असत.

ऑक्टोबरच्या बारा तारखेला परीक्षक कुसाका गुरुजी आले. ऐंशीच्या घरातले, काठी टेकत चालणारे. झाडासमोर ते इतका वेळ उभे राहिले की हिराओकासाननी दोनदा घड्याळ पाहिलं.

“ही पहिली फांदी,” ते शेवटी म्हणाले. “असं वळण मी लहानपणी पाहिलं होतं. त्यानंतर कुठे नाही. तुमच्याच हातचं ना?”

ते वाक्य ऐकायला मी तीस वर्षं थांबले होते. हिराओकासान माझ्याकडे बघत होते. कुबोसान जमिनीकडे.

“हो,” मी म्हणाले.

“उत्तम. प्रदर्शनाला पाठवा. पाटीवर तुमचं नाव घाला.” मग ते फांदीजवळ वाकले, चष्मा कपाळावर सरकवला आणि त्यांचा चेहरा बदलला. “एवढी समज असलेल्या माणसानं अशी हयगय करावी? तार किती रुतलीय बघा.”

मी कमरेत वाकले. “चूक झाली. माफ करा.”

“माफी माझी नको, झाडाची मागा. आता तरी काढा ती. आणखी महिनाभर ठेवलीत तर फांदी जाईल.”

ते गेले. फाटकाबाहेर हिराओकासान फोनवर कोणाला तरी मोठमोठ्यानं आनंदाची बातमी देत होते. कुबोसान उदोनच्या दुकानात जागा धरायला पुढे गेले.

मी झाडाजवळ एकटीच उरले. ‘आता तरी काढा ती.’ म्हातारपणामुळे नजर कमी झाली असेल त्यांची, मी स्वतःला समजावलं. फांदी उन्हात होती. खुणा अगदी स्वच्छ दिसत होत्या. खोल, ताज्या, रिकाम्या.

बाराचा भोंगा झाला.

मी बुंध्याजवळच्या पहिल्या खाचेत बोट घातलं. ते सालीपर्यंत पोचलंच नाही. मधे काहीतरी गार, गोल आणि घट्ट होतं, आणि माझ्या बोटाखालून ते सावकाश पुढे सरकत होतं.